उबंटू काढलं तरी ‘ग्रब’ परत परत का येतं? दोन सिस्टिमचं मशीन एकावर आणताना

लॅपटॉप चालू केला की विंडोजचं चिन्ह यायच्या जागी काळा पडदा, डाव्या कोपऱ्यात ‘ग्रब’ किंवा ‘ग्रब रेस्क्यू’ अशी अक्षरं आणि पुढे लुकलुकणारा कर्सर. ‘ग्रब’ म्हणजे मशीन चालू होताना कुठली सिस्टिम उघडायची ते ठरवणारा, लिनक्ससोबत येणारा छोटा प्रोग्राम, आणि उबंटू हा लिनक्सचाच एक प्रकार. आदल्या दिवशी मशीन ठणठणीत होतं. केलं काय, तर विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडून लिनक्सचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा त्याला दिलेला भाग, उडवला, कारण सेमिस्टर संपलं आणि आता उबंटू लागणार नाही. जळगाव, फैजपूर, शिरपूर, धुळे, जिथे इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत तिथल्या मुलांकडून परीक्षा संपल्या की ही तक्रार हमखास येते. ‘काळी स्क्रीनच येस भाऊ,’ एवढंच फोनवर सांगतात, आणि काय झालं असेल ते तेवढ्यावर कळतं.

याच तक्रारीचा दुसरा प्रकार जास्त छळतो. कुणी मित्र एफ-१२ दाबून विंडोज चालू करून देतो, काही दिवस बरे जातात आणि पुन्हा ग्रब हजर. मशीन चालू होतानाच्या यादीतून ‘उबंटू’ काढलं तरी ते परत येतं. मग कंटाळून दुकानात सांगितलं जातं, सगळं फॉरमॅट करा आणि नवीन विंडोज मारून द्या. त्यात फोटो जातात, प्रोजेक्ट रिपोर्ट जातो, टॅलीचा डेटा जातो. हे बघून वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा एकाही फाइलला धक्का न लावता हे निस्तरता येतं. फक्त कामाचा क्रम पाळावा लागतो. पार्टिशन उडवणं हे शेवटाकडचं काम आहे, आणि बहुतेकांनी ते सगळ्यात आधी केलेलं असतं.

खाली आज्ञा फोनवर सांगतो तशाच लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत करायच्या, आणि ‘स्पेस’ म्हटलं तिथे जागा सोडायची.

आधी ठरवा, ठेवायचं काय

हे घाईत ठरवू नका. सेवा केंद्र चालवत असाल आणि अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचं टोकन विंडोजवर बसवून चालू केलेलं असेल, तर विंडोजच ठेवा. दाणा बाजारातल्या पेढीवर टॅली, लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे श्रीलिपी, जिनिंगच्या वजनकाट्याला जोडलेलं सॉफ्टवेअर, तिथेही तेच. या गोष्टी लिनक्सवर ओढूनताणून चालवण्यात रोजचा धंदा अडतो.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्याआधीचे लॅपटॉप खानदेशात घरोघरी आहेत, आणि नुसतं इंटरनेट, अभ्यास, पत्रव्यवहार एवढंच काम असेल तर त्यांच्यावर एकटं लिनक्स अजून बरीच वर्षं नीट चालेल. अशा मशीनवर विंडोज काढून लिनक्स ठेवणं हाच शहाणपणा आहे. त्याची रीत वेगळी आहे, ती पुढे येईल.

दोन्ही बाबतीत सुरुवातीची तयारी सारखीच. महत्त्वाचा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हमध्ये घेतलेली प्रत बॅकअप म्हणून धरू नका, कारण तुम्ही हात त्याच डिस्कला घालणार आहात. मग बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, तपासा. विंडोजच्या होम आवृत्तीतही ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ नावानं तेच कुलूप लागलेलं असू शकतं, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ‘मॅनेज-बीडीई’ स्पेस ‘हायफन स्टेटस’ ही आज्ञा द्या. सी ड्राइव्हला संरक्षण चालू दिसलं तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून घ्या. तो कागद हातात आल्याशिवाय पुढचं काहीही करू नका. बूटचा क्रम बदलला, सिक्युअर बूटला (ओळखीचीच सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) हात लावला की विंडोज ही की मागू शकते, आणि ती नसेल तर डेटा परत मिळवायला दुसरा रस्ता नाही. काम होईपर्यंत संरक्षण तात्पुरतं थांबवता येतं: ‘मॅनेज-बीडीई’ स्पेस ‘हायफन प्रोटेक्टर्स’ स्पेस ‘हायफन डिसेबल’ स्पेस ‘सी कोलन’. रीस्टार्टनंतर ते आपोआप पुन्हा चालू होऊ शकतं, म्हणून बूटच्या यादीला हात लावण्याआधी दर वेळी स्टेटस बघा.

आणि वीज. वळवाच्या पावसात रावेर-यावलकडे लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली आणि चार्जर लावलेला. डेस्कटॉप असेल तर चांगला यूपीएस किंवा इन्व्हर्टर. पार्टिशन सरकवताना मध्येच वीज गेली तर जे नुकसान होतं ते कुठल्याही आज्ञेनं भरून निघत नाही.

ग्रब नेमकं कुठे राहतं

विंडोज की आणि आर एकदम दाबा, ‘एमएसइन्फो३२’ टाइप करा. उघडलेल्या पानावर ‘बायोस मोड’ अशी ओळ आहे. तिथे ‘यूईएफआय’ (मशीन चालू करण्याची नवी पद्धत) असेल तर एक रस्ता, ‘लेगसी’ (जुनी पद्धत) असेल तर दुसरा. हे न बघता इंटरनेटवरची पहिली सापडलेली आज्ञा मारणारे पुष्कळ जण आहेत, आणि अर्धा गोंधळ तिथेच सुरू होतो.

यूईएफआय मशीनमध्ये डिस्कच्या सुरुवातीला एक छोटं पार्टिशन असतं, विंडोजनं बनवलं असेल तर साधारण १०० एमबीचं, एफएटी३२ पद्धतीचं. त्याला ईएफआय सिस्टिम पार्टिशन म्हणतात. विंडोज आणि लिनक्स दोघांच्याही सुरुवातीच्या फाइली याच एका जागेत, वेगवेगळ्या फोल्डरांत राहतात. शिवाय मदरबोर्डच्या स्वतःच्या मेमरीत एक यादी असते: आधी कोणाला बोलवायचं, मग कोणाला. उबंटू बसवलं की ते स्वतःला या यादीत सगळ्यात वर लिहितं.

आता तुम्ही डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचं मोठं पार्टिशन उडवलंत. पण १०० एमबीच्या पार्टिशनमधलं उबंटूचं फोल्डर जागेवर आहे आणि मदरबोर्डच्या यादीतलं नावही जागेवर आहे. वाडा पाडला, पण पोस्टात पत्ता तोच राहिला, म्हणून पोस्टमन रोज त्याच मोकळ्या जागेवर येऊन उभा राहतो. ग्रब सुरू होतं, आपली उरलेली माहिती लिनक्सच्या पार्टिशनवर शोधतं, तिथे काहीच सापडत नाही, आणि काळ्या पडद्यावर थांबतं. विंडोज शेजारी धडधाकट असते. तिला कुणी बोलवतच नाही.

लेगसी मशीनमध्ये हे छोटं पार्टिशन नसतं. तिथे ग्रबचा पहिला तुकडा डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइट्सच्या सेक्टरमध्ये बसतो, त्यातही कोडला जागा जेमतेम ४४६ बाइट्स. एवढ्यात मावतं ते फक्त पुढचा तुकडा कुठे आहे हे सांगण्यापुरतं. तो पुढचा तुकडा सहसा पहिल्या सेक्टरनंतरच्या मोकळ्या जागेत असतो, बाकी सगळं पुन्हा लिनक्सच्या पार्टिशनवरच. ते उडालं की ‘ग्रब रेस्क्यू’.

पडदा आधीच काळा झाला असेल तर

घाबरू नका आणि फॉरमॅटचं नाव काढू नका. यूईएफआय मशीन असेल तर बंद करून चालू करताना बूट मेन्यूची की सारखी दाबत राहा. डेल, लेनोवो आणि बऱ्याच एसरमध्ये एफ-१२, एचपीमध्ये एफ-९, आसूसच्या लॅपटॉपमध्ये एस्केप. एसरच्या काही मॉडेलमध्ये एफ-१२ मेन्यू आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो. यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ दिसेल, तो निवडला की विंडोज येते. पडद्यावर नुसतं ‘ग्रब’ असेल, ‘रेस्क्यू’ नसेल, तर ‘एक्झिट’ टाइप करून एंटर मारलं तरी बऱ्याच मशीनवर ताबा यादीतल्या पुढच्या नावाकडे जातो आणि विंडोज उघडते.

इथे बहुतेकजण थांबतात, आणि तक्रार परत येते ती याच कारणानं. एफ-१२ नं फक्त या एका वेळेपुरता रस्ता बदलला. यादी तशीच आहे.

यादीत विंडोज बूट मॅनेजर दिसतच नसेल तर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून मशीन चालू करा आणि ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’मधून कमांड प्रॉम्प्टवर जा. ‘डिस्कपार्ट’, मग ‘लिस्ट’ स्पेस ‘व्हॉल्यूम’. एफएटी३२ आणि १०० एमबीच्या आसपासचं व्हॉल्यूम शोधा, त्याचा क्रमांक देऊन ‘सिलेक्ट’ स्पेस ‘व्हॉल्यूम’ करा, मग ‘असाइन’ स्पेस ‘लेटर’, बरोबरचं चिन्ह आणि ‘एस’ (हे तिन्ही जागा न सोडता), आणि ‘एक्झिट’. यानंतर ‘बीसीडीबूट’ स्पेस ‘सी कोलन बॅकस्लॅश विंडोज’ स्पेस ‘स्लॅश एस’ स्पेस ‘एस कोलन’ स्पेस ‘स्लॅश एफ’ स्पेस ‘यूईएफआय’. पेनड्राइव्हवरून आलेलं असताना विंडोजचा ड्राइव्ह सी असेलच असं नाही, तो डी किंवा ई झालेला असतो. म्हणून व्हॉल्यूमच्या यादीत आकार बघून अक्षर ताडून घ्या.

लेगसी असेल तर याच कमांड प्रॉम्प्टवर ‘बूटरेक’ (बी-ओ-ओ-टी-आर-ई-सी) स्पेस ‘स्लॅश फिक्सएमबीआर’ एवढी एकच आज्ञा बहुतेक वेळा पुरते. पहिल्या सेक्टरमधलं ग्रब जातं, विंडोजचा कोड येतो. त्यानंतर ‘ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही’ असा संदेश आला तर विंडोजच्या बूट पार्टिशनवरचा ॲक्टिव्ह शिक्का निघालेला असतो. डिस्कपार्टमध्ये ते पार्टिशन निवडून ‘ॲक्टिव्ह’ म्हटलं की काम झालं. लेगसीत ग्रब पुन्हा पुन्हा येण्याचा त्रास सहसा नसतो. सगळी गंमत यूईएफआयची आहे, म्हणून पुढचं तिच्याबद्दलच.

यादीतलं ‘उबंटू’ मुळापासून काढणं

शिरपूरच्या एका विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर हा प्रकार जवळून बघायला मिळाला. त्यानं यादीतून उबंटू व्यवस्थित काढलं होतं. दोनदा-तीनदा विंडोज नीट उघडायची, आणि मग एखाद्या सकाळी ग्रब. यादी बघावी तर उबंटू पुन्हा पहिल्या नंबरावर. घरातल्यांना वाटलं व्हायरस आहे.

ते छोटं पार्टिशन उघडून बघितलं. ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टवर ‘माउंटव्हॉल’ स्पेस ‘एस कोलन’ स्पेस ‘स्लॅश एस’ दिलं की ते एस ड्राइव्ह म्हणून जोडलं जातं. माउंटव्हॉलचं स्पेलिंग एम-ओ-यू-एन-टी-व्ही-ओ-एल. फाइल एक्सप्लोररमधून तो ड्राइव्ह उघडायला गेलात तर परवानगी नाही असं येईल, काम कमांड प्रॉम्प्टवरूनच करायचं. आत ‘ईएफआय’ नावाचं फोल्डर, त्यात मायक्रोसॉफ्टचं एक, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचं एक, उबंटूचं एक आणि नुसतं ‘बूट’ नावाचं एक. खरा खेळ या शेवटच्या फोल्डरमध्ये होता. त्यात तीन फाइली: ‘बूटएक्स६४’, ‘एफबीएक्स६४’ आणि ‘एमएमएक्स६४’, तिन्ही ईएफआय प्रकारच्या.

बूटएक्स६४ ही पडत्या काळातली फाइल. यादीतलं काहीच चाललं नाही, किंवा फर्मवेअरनं, म्हणजे मदरबोर्डमधल्याच सॉफ्टवेअरनं, यादी सोडून थेट ‘हार्ड डिस्क’ला बोलवलं, तर मदरबोर्ड हीच फाइल चालवतो. उबंटू बसताना बऱ्याचदा तिथे आपली प्रत टाकतं. तिच्या शेजारी एफबीएक्स६४ असेल तर ती चालते, ईएफआयमधली सगळी फोल्डरं धुंडाळते, उबंटूच्या फोल्डरमध्ये ठेवलेली एक छोटी सीएसव्ही फाइल वाचते आणि मदरबोर्डच्या यादीत ‘उबंटू’ हे नाव पुन्हा लिहून टाकते. ही सोय लिनक्स वाचवण्यासाठी केलेली आहे आणि लिनक्स वापरणाऱ्याला ती खरंच उपयोगाची आहे. पण लिनक्स उडवल्यावर मागे राहिली तर ती दर वेळी निष्ठेनं तेच काम करत राहते. म्हणून नुसती यादी साफ करून भागत नाही, तीन जागा साफ कराव्या लागतात: यादी, उबंटूचं फोल्डर आणि बूट फोल्डर.

यादीपासून सुरुवात करा. कमांड प्रॉम्प्टवरच, पॉवरशेलमध्ये नाही, कारण महिरपी कंसांवरून पॉवरशेल भांडतं. ‘बीसीडीएडिट’ स्पेस ‘स्लॅश सेट’ स्पेस महिरपी कंसात ‘एफडब्ल्यूबूटएमजीआर’ स्पेस ‘डिस्प्लेऑर्डर’ स्पेस महिरपी कंसात ‘बूटएमजीआर’ स्पेस ‘स्लॅश ॲडफर्स्ट’. यानं विंडोज बूट मॅनेजर यादीत पहिला जातो. आता मशीन पूर्ण बंद करून चालू करा, सरळ विंडोज येते का बघा. येत असेल तरच पुढे.

मग ‘बीसीडीएडिट’ स्पेस ‘स्लॅश एनम’ स्पेस ‘फर्मवेअर’. एनमचं स्पेलिंग ई-एन-यू-एम. लांबलचक यादी येईल. ज्या तुकड्यात वर्णनासमोर उबंटू लिहिलंय, त्याचा आयडेंटिफायर, म्हणजे कंसातला लांब आकडा, माउसनं निवडून कॉपी करा. हातानं टाइप करण्याच्या फंदात पडू नका. ‘बीसीडीएडिट’ स्पेस ‘स्लॅश डिलीट’ स्पेस आणि तो आकडा कंसासकट. एंटर मारण्याआधी वर्णनाची ओळ पुन्हा एकदा वाचा.

आता एस ड्राइव्ह जोडा. आधी मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरमधल्या ‘बूट’ फोल्डरात जाऊन ‘बूटएमजीएफडब्ल्यू’ ही ईएफआय फाइल आहे याची खात्री करा. ती आहे म्हटल्यावर ‘आरडी’ स्पेस ‘स्लॅश एस’ स्पेस आणि उबंटूच्या फोल्डरचा पत्ता. मायक्रोसॉफ्टच्या आणि कंपनीच्या फोल्डरला चुकूनही हात लावायचा नाही. शेवटी बूट फोल्डरमधल्या एफबीएक्स६४ आणि एमएमएक्स६४ डिलीट करा आणि ‘कॉपी’ आज्ञेनं मायक्रोसॉफ्टची बूटएमजीएफडब्ल्यू फाइल तिथे बूटएक्स६४ या नावानं टाका. जुनी फाइल पुसून टाकू का असं विचारलं जाईल, हो म्हणा. म्हणजे पडत्या काळातही विंडोजच उघडेल. ‘माउंटव्हॉल’ स्पेस ‘एस कोलन’ स्पेस ‘स्लॅश डी’ देऊन ड्राइव्ह सोडवा आणि पुन्हा मशीन पूर्ण बंद करून चालू करा. शिरपूरच्या त्या लॅपटॉपवर एवढं झाल्यावर उबंटू परत आलेलं नाही.

डेबियन, फेडोरा, मिंट असेल तरी रीत हीच. फोल्डरचं नाव बदलतं, आणि मिंटचं फोल्डर बहुधा उबंटू याच नावाचं असतं, त्यामुळे ‘मी तर मिंट टाकलं होतं’ म्हणून गोंधळू नका.

आता पार्टिशन, आणि ‘एक्सटेंड’ का मिळत नाही

हे सगळं झाल्यावरच डिस्क मॅनेजमेंट. तिथे लिनक्सच्या पार्टिशनला ड्राइव्हचं अक्षर नसतं, ते आकारावरून ओळखायचं. ज्याच्यावर ईएफआय किंवा रिकव्हरी असं लिहिलंय ते सोडून द्या. ‘हा ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करा’ असा प्रश्न विंडोजनं विचारला तर नाही म्हणा. कोणत्या ड्राइव्हबद्दल विचारतेय ते आधी बघायला पाहिजे.

लिनक्सचं पार्टिशन डिलीट केल्यावर ती जागा काळ्या पट्टीची, ‘अनअलोकेटेड’ दिसते. सी वर राइट क्लिक करून ‘एक्सटेंड व्हॉल्यूम’. हा पर्याय धूसर दिसला की लोक लगेच कुठलं तरी अनोळखी सॉफ्टवेअर उतरवून घेतात. त्याआधी पट्ट्या नीट बघा. विंडोज पार्टिशन फक्त उजवीकडे वाढवते आणि मोकळी जागा अगदी चिकटून हवी. मोकळी जागा डी च्या पलीकडे असेल तर ती डी ला द्या. डी मोठा झाला तरी तुमचं कामच होतं, सगळं सी मध्येच पाहिजे असा हट्ट कशाला? जागा काळी न दिसता हिरव्या चौकटीत ‘फ्री स्पेस’ दिसत असेल, तर ती जुन्या एमबीआर पद्धतीच्या एक्सटेंडेड पार्टिशनच्या पोटात आहे. त्यात दुसरा कुठला ड्राइव्ह शिल्लक नसेल तरच ती हिरवी चौकट स्वतंत्रपणे डिलीट करा, मग ती काळी होते आणि सी ला जोडता येते.

मध्ये रिकव्हरी पार्टिशन अडवून बसलं असेल तर जरा जपून. ‘रीएजंटसी’ (आर-ई-ए-जी-ई-एन-टी-सी) स्पेस ‘स्लॅश डिसेबल’ दिल्यावर विंडोज रिकव्हरीची फाइल सी वर आणून ठेवते. मगच डिस्कपार्टमध्ये ते पार्टिशन निवडून ‘डिलीट’ स्पेस ‘पार्टिशन’ स्पेस ‘ओव्हरराइड’, मग सी वाढवा, आणि ‘रीएजंटसी’ स्पेस ‘स्लॅश एनेबल’. काही कंपन्या फॅक्टरी रीसेटसाठी स्वतःचं वेगळं, बरंच मोठं पार्टिशन देतात. ते हे नव्हे. पार्टिशन काही जीबींचं असेल तर त्याला हात लावू नका.

उलट प्रवास: लिनक्स ठेवून विंडोज काढणं

इथे सगळ्यात महागात पडणारी गोष्ट एकच आहे. लिनक्सवाले म्हणतात, विंडोजची सगळी पार्टिशनं उडवून टाकू. जीपार्टेड हे लिनक्समधलं पार्टिशनचं साधन उघडतात, एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीचं दिसलं ते उडवतात, आणि सोबत ते १०० एमबीचंही उडवतात, कारण ते ‘विंडोजनं बनवलेलं’ आहे. बनवलं विंडोजनं हे खरं, पण ग्रबही त्याच्यातच राहतं. ते गेलं की लिनक्सही उघडत नाही. जीपार्टेडमध्ये ज्या पार्टिशनवर ‘ईएसपी’ आणि ‘बूट’ असे शिक्के आहेत ते कायम ठेवायचं. शेजारचं १६ एमबीचं मायक्रोसॉफ्ट रिझर्व्हड, सी आणि रिकव्हरी ही गेली तरी चालतात.

विंडोजमधल्या फाइली लिनक्समधून कॉपी करणार असाल तर आधी विंडोज खरोखर बंद करा. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असताना शटडाउन केलेली विंडोज अर्धवट झोपलेली असते आणि लिनक्स तो ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडतं किंवा उघडतच नाही. शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, किंवा ‘पॉवरसीएफजी’ स्पेस ‘स्लॅश एच’ स्पेस ‘ऑफ’.

विंडोजची जागा लिनक्सच्या डावीकडे मोकळी होते. ती मुख्य पार्टिशनला जोडायची तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून लिनक्स डिस्कवर न बसवताच चालतं) अख्खं पार्टिशन डावीकडे सरकवावं लागतं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर याला तासन् तास लागतात, आणि विजेबद्दल वर लिहिलंच आहे. माझं स्पष्ट मत, सरकवू नका. तिथे एक्स्ट४ या लिनक्सच्या पद्धतीचं नवीन पार्टिशन करा आणि डेटासाठी वेगळं जोडून घ्या. सिस्टिम बिघडली तरी डेटा बाजूला राहतो, हा फायदाच.

पूर्वी सी किंवा डी ड्राइव्ह लिनक्समध्ये आपोआप जोडला जावा म्हणून ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये ओळ टाकली असेल, तर विंडोजचं पार्टिशन उडवण्याआधी ती ओळ काढा किंवा तिच्यापुढे हॅशचं चिन्ह टाका. नाहीतर मशीन चालू होताना नसलेल्या पार्टिशनची ९० सेकंद वाट बघतं आणि मग ‘इमर्जन्सी मोड’मध्ये जाऊन पडतं. इथेही फॉरमॅटची गरज नाही. पासवर्ड टाकून आत जा, तीच ओळ दुरुस्त करा, रीस्टार्ट करा.

नंतर ‘सुडो’ स्पेस ‘अपडेट-ग्रब’, म्हणजे मेन्यूतली विंडोजची ओळ जाईल. ‘सुडो’ स्पेस ‘ईएफआयबूटएमजीआर’ नं मदरबोर्डची यादी दिसते. विंडोज बूट मॅनेजरचा चार अक्षरी क्रमांक बघून तीच आज्ञा ‘हायफन स्मॉल बी’, तो क्रमांक आणि ‘हायफन कॅपिटल बी’ यांच्यासह द्या. स्मॉल बी नाव निवडतो, कॅपिटल बी ते उडवतो.

ईएफआयचं पार्टिशन आधीच उडालं असेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून त्याच जागी साधारण ३०० एमबीचं एफएटी३२ पार्टिशन करा, जागा कमी असेल तर १०० एमबीही चालेल, आणि त्याला ईएसपीचा शिक्का द्या. पेनड्राइव्ह यूईएफआय पद्धतीनंच चालू केलेला हवा, नाहीतर ग्रब चुकीच्या प्रकारचं बसतं. त्यानंतर बूट-रिपेअर हे साधन चालवणं नवख्याला सोपं पडेल. हातानं करायचं तर लिनक्सचं पार्टिशन आणि हे नवं पार्टिशन जोडून, सीएचरूट करून (म्हणजे पेनड्राइव्हवरून डिस्कवरच्या लिनक्समध्ये शिरून), ‘ग्रब-इन्स्टॉल’. एक गोष्ट मात्र बघाच: नव्या पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, वेगळा असतो, आणि एफएसटॅबमधल्या ईएफआयच्या ओळीत तो बदलावा लागतो.

राहता राहिलं घड्याळ. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तिथे स्थानिक वेळ आहे असं धरून चालते. म्हणून लिनक्स काढल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसू शकतं, आणि तेवढ्या फरकानं बँकेची, जीएसटीची साइट कधी कधी आत घेत नाही. विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये ‘सिंक नाऊ’ केलं की वेळ जागेवर येते. लिनक्स ठेवलं असेल आणि पूर्वी दोघांचा मेळ बसवायला घड्याळ स्थानिक वेळेवर लावलं असेल, तर ‘टाइमडेटसीटीएल’ स्पेस ‘सेट-लोकल-आरटीसी’ स्पेस ‘०’. हे करूनही दर वेळी मशीन बंद केल्यावर वेळ हुकत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला.